पहिलं घर पाहुण्यांना देण्याआधी मे महिन्यातली विहीर बघा

कोकणात पाहुण्यांसाठी घर सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण खोल्या मोजतात, समुद्र किती पावलांवर आहे ते बघतात आणि फोटो काढायला लागतात. मी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. मला विचाराल तर आधी विहिरीत वाकून बघा. राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या, गावचं बंद घर उघडायचं, की बंगला घ्यायचा, हे ती विहीर ठरवते. कागदपत्रांचं कुणी ना कुणी सांगतंच. पाण्याचं कुणी सांगत नाही, म्हणून मी जरा लांबण लावणार आहे.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात पाणी कसलं कमी पडतंय, असं मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटणारच. पण जमीन जांभ्याची आहे. पाणी मुरतं आणि भराभर समुद्राकडे निघून जातं. शिमगा झाला की विहिरी उतरायला लागतात आणि तळाला जातात त्या मे महिन्यात. पाहुण्यांचा सगळ्यात मोठा हंगामही मेच. आगरातल्या पोफळींना पाणी लागतं तेही तेव्हाच, आणि पोफळ तहानलेली ठेवून चालत नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत आणखी एक गोष्ट असते. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं मिळतं. याचा उलटा अर्थ लक्षात घ्या: वरची पातळी थोडीशी उतरली तरी खालचं खारं पाणी कितीतरी वर सरकतं. पंपाने भसाभस उपसलं की विहीर मचूळ होते. आमच्या पहिल्या मे महिन्यात हेच झालं. खोल्या भरलेल्या, पंप सकाळ-संध्याकाळ चालू, आणि एका सकाळी डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. पाहुण्यांचे पैसे परत दिले, उरलेला हंगाम टँकरवर काढला. पंप बंद केला म्हणून पाणी लगेच गोडं होत नाही, पावसाची वाट बघावी लागते. ते दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो. आणि कुणी ‘बोअर मारा, प्रश्न मिटला’ म्हणालं तर ऐकू नका. किनाऱ्याजवळ जितकं खोल जाल तितकं खाऱ्याच्या जवळ जाता.

आता हिशेब. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. समुद्रावरून आलेला पाहुणा पुन्हा अंघोळ करतो, वाळूने भरलेले कपडे धुतो, वर चादरी-टॉवेल आपले. म्हणून माणशी 200 धरा. दोन खोल्यांत पाच माणसं म्हणजे हजार लिटर. बारा माणसांचा बंगला म्हणजे 2,400. त्यात पोहण्याचा तलाव असेल, वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल, तर तो एकदा भरायलाच साडेबावीस हजार लिटरच्या वर पाणी लागतं.

विहीर किती देते ते असं बघा. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण 2,200 लिटर. मे महिन्यात पहाटे दोरीला दगड बांधून पातळी मोजा, पंपाने फूटभर उतरवा, पंप बंद करा आणि तो फूट भरून यायला किती तास लागतात ते लिहून ठेवा. सोबत पाण्यातले क्षार मोजायचा पेनासारखा मीटर ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 500 मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आकडा रोज वर चढत असेल तर ती विहीर दोन खोल्यांची आहे, बंगल्याची नाही. विकत घेणार असाल तर जागा मेमध्येच बघा. दलाल तुम्हाला ऑगस्ट-सप्टेंबरात नेतो, तेव्हा सगळं हिरवं असतं आणि विहीर काठोकाठ.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवात राहत्या घरातल्या एक-दोन खोल्यांनी करा. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी होते, आणि कुटुंब तिथेच राहणार हेच तिचं बळ आहे. पाणी कमी पडतंय हे घरातल्या माणसाला दोन दिवस आधी कळतं. बादलीने अंघोळ करा असं पाहुण्याला तोंडावर, गोड बोलून सांगता येतं, आणि लोक ऐकतात, खरंच ऐकतात. बंगल्यात ठेवलेला राखणदार हे सांगू शकत नाही. त्याने का सांगावं? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप मुके झाले. ज्यांच्या विहिरीवर रहाट शाबूत होता आणि ओढायला घरात माणसं होती, त्यांचंच भागलं.

गावच्या बंद घराबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त असतात. आजोबांचं घर, पडवी, माजघर, मन ओढ घेतंच. पण आठ-अ आणि सातबारा काढून नावं मोजा. सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती नसेल तर एक पैसाही घालू नका. संमती असली तरी गणपतीत आणि शिमग्यात घर भाऊबंदांचं, आणि मेमध्ये आंब्याला सगळे येणार. म्हणजे ज्या दिवसांत कमाई, त्याच दिवसांत घर तुमच्या हातात नाही. भाऊबंदांशी तारखा आधी बोलून घेता येत असतील तर मात्र या घरांसारखी घरं नाहीत.

नवीन जागा घेऊन बांधणं हा मी तिसऱ्या-चौथ्या वर्षीचा विषय मानते. 1948 च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, बंधनं आहेत. ‘सगळे बांधतात’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही. शेती खरोखर करत असाल तर 2020 चं कृषी पर्यटन धोरण वाचा. गोव्यात फ्लॅट असेल तर तिथल्या पर्यटन खात्यात 1982 च्या कायद्याखाली नोंदणी आणि सोसायटीची संमती, दोन्ही आधी घ्या. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते, हे राहत्या घरालाही लागू आहे.

मार्गदर्शकांबद्दल थोडं. वर्षाच्या 365 रात्रींपैकी अमुक टक्के भरल्या की कर्ज फिटलं, असा तक्ता दाखवणाऱ्याच्या कार्यशाळेला पैसे देऊ नका. त्या तक्त्यात जुलै नसतो आणि पाणी तर नसतंच. खात्रीच्या परताव्याचे बंगले विकणाऱ्यांपासून लांबच राहा. खरं मार्गदर्शन गावातला प्लंबर करतो. कुठल्या वाडीत पंपाचे भाग खारून जातात, कुणाचा शोषखड्डा कुणाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, हे त्याला पाठ असतं. त्याला चहा पाजून विचारा, मग जिल्ह्यातल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्या.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. दोन खोल्यांना लागणारं पाणी बहुतेक जुन्या विहिरी देतात, शतकभर कुटुंबं त्यावर जगली आहेत. फक्त पहिला पाहुणा मेमध्ये घेऊ नका. दिवाळीनंतर सुरू करा, विहीर भरलेली असते, गर्दी बेताची असते. टाकीतून खोल्यांकडे जाणाऱ्या नळाला पाण्याचा मीटर बसवा आणि प्रत्येक मुक्कामाचे लिटर वहीत लिहा. फेब्रुवारीत ती वही घेऊन घरातली सगळी माणसं बसा आणि मेच्या किती रात्री द्यायच्या ते तेव्हाच ठरवा, कारण मेसाठी फोन यायला मार्चपासूनच सुरुवात होते.