फ्लॅटमध्ये कॅमेरा आणि स्मार्ट स्विच: सुरुवात राउटरपासून

कॅमेऱ्याच्या जाहिराती बघण्याआधी राउटर कुठे आहे ते बघा. बहुतेक फ्लॅटमध्ये तो हॉलमध्ये टीव्हीमागे असतो आणि कॅमेरा हवा असतो दाराबाहेर, म्हणजे मध्ये भिंत आणि सेफ्टी डोअरचं लोखंड. मोबाइल घेऊन कॅमेऱ्याच्या जागी उभे राहा, दार लावून घ्या आणि वाय-फाय अ‍ॅनालायझरसारख्या एखाद्या अ‍ॅपवर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बघा. तो डीबीएममध्ये, उणे आकड्यात दिसतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ डीबीएमपर्यंत निर्धास्त राहा. उणे ७५ च्या आसपास असेल तर थेट चित्र अडखळेल आणि नेमकं हवं तेव्हा ‘ऑफलाइन’ दिसेल. अशा वेळी महागडा कॅमेरा घेऊन काही साधत नाही. राउटर दाराजवळ आणा किंवा लॅन केबल ओढा.

स्वस्त कॅमेरे आणि स्मार्ट प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल, तर पहिल्या जोडणीत मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बसतो आणि अ‍ॅपला उपकरण सापडत नाही. जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर डब्ल्यूपीए२ करा, कारण जुन्या चिपची उपकरणं डब्ल्यूपीए३ वर अडतात.

मग वीज. सोसायटीतले मीटर आणि मेन स्विच बऱ्याचदा पार्किंगमध्ये, हाताच्या अंतरावर असतात. खालून एक एमसीबी पाडली की राउटर, फायबरचा डबा आणि कॅमेरा एकदमच झोपतात. घरात इन्व्हर्टर असेल तर तिन्ही त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, पण अडॅप्टरवरचा व्होल्ट-अँपिअरचा आकडा वाचून घ्या. कॅमेरा ५ व्होल्टचा आणि यूपीएस १२ व्होल्टचा, अशी गल्लत कॅमेरा जाळते.

कोण आलं ते दिसणं आणि ओळखू येणं

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू यायला चित्रात एका मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे ७.७ मीटर रुंदीपर्यंतच तो हिशेब जमतो. २.८ मिलिमीटर लेन्सचा कोन सुमारे १०५ अंश असतो. त्यात ही रुंदी ३ मीटरवरच भरते. पुढे माणूस दिसतो, पण कोण ते सांगता येत नाही. लिफ्ट आणि दार यांच्यामधल्या पॅसेजला २.८ पुरते. १० मीटरवरच्या फाटकासाठी ती घेऊ नका. तिथे ६ मिलिमीटर आणि ४ मेगापिक्सेल घ्या. दुकानदार मात्र ‘सगळं कव्हर होतं’ म्हणत रुंद लेन्सच पुढे करतो.

उंची २.२ ते २.५ मीटर ठेवा. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि टकलं छान दिसतात, चेहरे नाही. येणाऱ्या माणसाच्या मागे खिडकी असेल तर दिवसा चेहरा काळा पडतो, म्हणून खरा डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असलेलं मॉडेल घ्या. रात्रीचं चित्र मात्र दिवसा बघून कळत नाही. इन्फ्रारेडचा प्रकाश जवळची पांढरी भिंत, सेफ्टी डोअरची जाळी किंवा खिडकीची काच यांवरून परत येतो आणि सगळं धुरकट दिसतं. काचेआडून कॅमेरा लावायचाच असेल तर इन्फ्रारेड बंद करून बाहेरचा दिवा चालू ठेवावा लागेल. लेन्सजवळ कोळ्याने जाळं विणलं तर रात्रभर हालचालीच्या सूचना येत राहतात, त्यामुळे महिन्यातून एकदा फडकं फिरवा. पाऊस थेट लागणाऱ्या जागी आयपी६६ किंवा आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) हवाच. त्यापेक्षा जास्त घोटाळा बाहेर लोंबणाऱ्या लॅनच्या जोडाने होतो: त्यात पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. जोड बंद डब्यात घ्या आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

साठवणुकीचा हिशेब तोंडी करता येतो. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे चित्राचा डेटा साठण्याचा वेग, १ एमबीपीएस असेल तर दिवसाला १०.८ जीबी लागतात. १०८०पी साठी २ एमबीपीएस धरले तर अखंड रेकॉर्डिंगला रोज २१.६ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सहा दिवसांच्या आतच भरतं आणि जुनं पुसायला लागतं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचंच घ्या. मोबाइलचं साधं कार्ड सतत लिहून मरतं आणि बऱ्याचदा अ‍ॅप ते सांगतही नाही. चोराने कॅमेरा उपटून नेला तर कार्डही गेलं. बंगल्याला चार-पाच कॅमेरे लागणार असतील तर वाय-फायचा नाद सोडा आणि पीओई स्विच, कॅट६ केबल, एनव्हीआर (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) असं करा. एका केबलवर वीज आणि चित्र दोन्ही जातं, मर्यादा १०० मीटर.

स्विच, गिझर आणि मोटार

ऑटोमेशनची सुरुवात गिझरपासून करा. उपयोग लगेच जाणवतो. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. १० अँपिअरचा प्लग पहिल्याला कागदावर चालतो, प्रत्यक्षात तापतो. १६ चाच घ्या, आणि २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमर लावा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर काय’ असा पर्याय असतो, तो ‘बंद’ ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आली की रिकाम्या घरात गिझर सुरू.

भिंतीतल्या बोर्डात रिले (मोबाइलवरून चालू-बंद होणारा छोटा स्विच) बसवायचा तर न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे तो बहुधा मिळतो. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात वायरमन शेजारच्या बोर्डातून ओढतो. घरात दोन आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारे स्विच) असतील आणि न्यूट्रल दुसरीकडचा घेतला तर दिवा लावताच आरसीसीबी पडेल. त्यात रिलेचा दोष नाही. पंख्याला साधा रिले रेग्युलेटरच्या आधी, फेजवर घ्या. वेग मोबाइलवरून हवा असेल तर पंख्यासाठीचाच मॉड्यूल लागतो आणि जुना रेग्युलेटर काढावा लागतो.

पाण्याच्या मोटारीला स्मार्ट प्लग लावू नका. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट वाचून हुरूप येतो, पण सुरू होताना ती चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचते. रिलेचे संपर्क चिकटतात आणि अ‍ॅपवर ‘बंद’ दिसत असताना टाकी वाहत राहते. प्लगने फक्त कॉन्टॅक्टरची (जड भारासाठीच्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवा, मोटारीचा भार कॉन्टॅक्टर उचलेल.

पासवर्ड आणि शेजारी

२०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी काबीज केले होते. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, सगळी स्मार्ट उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा. बसवणारा माणूस घाईत कॅमेरा स्वतःच्या खात्यात जोडून तुम्हाला नुसता ‘शेअर’ करून जातो. मालक म्हणून तुमचा नंबर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

समोरच्यांचं दार चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करा आणि त्यांना मोबाइलवर दाखवा. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बेडरूममध्ये कॅमेरा नकोच, आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींना कॅमेरा कुठे आहे ते आधी सांगा.

सगळं झाल्यावर रात्री, पॅसेजचा दिवा बंद करून, घरातल्या कोणाला तरी लिफ्टपासून दारापर्यंत नेहमीच्या चालीने यायला सांगा. मग मेन स्विच पाडून पुन्हा तेच. दोन्ही क्लिप मोबाइलवर उतरवून घ्या आणि चेहऱ्याबरोबर कोपऱ्यातली तारीख-वेळही तपासा. टाइमझोन चुकीचा राहिला तर रात्री दोनची घटना साडेआठची म्हणून नोंदली जाते.