गरम इंजिन आणि ऑइलचा लाल दिवा

कात्रज घाट उतरून स्वारगेटच्या सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा (ऑइलचं प्रेशर पडल्याची खूण) लुकलुकायचा. जरा रेस दिली की विझायचा. सकाळी थंड इंजिनवर काहीच नाही. गाडी जुनी, पेट्रोलची. त्यामुळे ज्याला विचारावं तो म्हणे, ‘बेअरिंग गेली, इंजिन उतरवा.’

डिपस्टिकवर लेव्हल बरोबर होती, ऑइलला पेट्रोलचा वासही नव्हता. (पेट्रोल मिसळून ऑइल पातळ झालं तरी प्रेशर पडतं.) मग नाना पेठेतून नवा प्रेशर स्विच (प्रेशर पडलं की दिवा लावतो तो) आणला, कारण खोटं बोलण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. दिवा तसाच.

शेवटी स्विचच्या जागी काट्याचा गेज लावला. थंड इंजिनला प्रेशर जवळपास ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), गरम झाल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता, अर्ध्या किलोच्याही खाली. पण खरी गोम पुढे होती: रेस धरून ठेवली की काटा आधी चढायचा आणि मग घसरायचा. बेअरिंग झिजलेली असली तर रेससोबत प्रेशर वाढत जातं. हा मात्र पंपाला ऑइल पुरत नसल्याचा प्रकार वाटला.

संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवला. पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या स्ट्रेनरची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली! काळा चिकट गाळ आणि त्यात सिलिकॉनचे रबरी तुकडे. आधीच्या कुणीतरी पॅकिंगवर सढळ हाताने थापलेलं सिलिकॉन आत पिळून सुटलं होतं. जाळी डिझेलने धुतली, जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर मोकळा सरकतोय ना ते पाहिलं, नवं पॅकिंग, ऑइल, फिल्टर. आता गरम इंजिनला आयडलवर सव्वा किलो मिळतं.