कामगार-आमदाराची कारकीर्द कागदावरून कशी काढावी

कामगारांचा आमदार म्हणून वर्षानुवर्षे निवडून आलेल्या माणसावर लिहायचे ठरले, की युनियनच्या कार्यालयातून आधी गौरव अंक हातात पडतो. तो वाचा, पण त्यावर विसंबू नका. ‘सभागृह दणाणून सोडले’ या वाक्यातून नेमके काय मागितले आणि काय पदरात पडले, ते कळत नाही. ते विधिमंडळाच्या छापील कागदांत सापडते.

आधी वहीच्या एका पानावर विधानसभा निवडणुकांची वर्षे उभी लिहून काढा: १९६२, ६७, ७२, ७८, ८०, ८५, ९०, ९५, ९९, २००४, ०९, १४, १९, २४. समोर मतदारसंघ, पक्ष, निकाल. मध्ये पोटनिवडणुकीसाठी जागा सोडा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, पण नुसते सार्वत्रिक निकाल मोजाल तर १० भरतात. १९७२ ला ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीतून परत आले. मुंबईत आणखी एक गोची आहे. २००९ पासून मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, त्यामुळे मतदारसंघाचे नाव तेच असले तरी चाळी त्याच असतील असे नाही. माणूस विधान परिषदेवर असेल तर मुदत सहा वर्षांची आणि कार्यवाहीचे (सभागृहातल्या कामकाजाच्या छापील नोंदीचे) खंडही वेगळे. कामगार नेते दत्ता सामंत १९८४ मध्ये लोकसभेवर गेले. खासदार म्हणून केलेली त्यांची भाषणे नरिमन पॉइंटच्या विधानभवनात शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल.

आता प्रश्नोत्तरे. अलीकडच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुन्या कार्यवाहीसाठी विधानभवनातले ग्रंथालय गाठावे लागते. परवानगी आधीच काढा आणि अधिवेशनाचे दिवस टाळा. यादी हातात आली की प्रश्नांचा आकडा मोजायचा मोह होतो. मोजू नका. एकाच तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नावर अनेकदा वीस-पंचवीस सदस्यांची नावे असतात, आणि शेवटून तिसऱ्या नावाचा त्या प्रश्नाशी सहीपुरताच संबंध असू शकतो. पहिले नाव कोणाचे, आणि मंत्र्याच्या उत्तरावर सभागृहात उपप्रश्न कोणी विचारला, हे बघा. उपप्रश्न छापील यादीत नसतो, कार्यवाहीत असतो. खरा अभ्यास तिथे उघडा पडतो.

प्रश्नाची ठेवण ठरलेली: ‘सन्माननीय कामगार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’. उत्तरातला एकेक शब्द तोलून वाचा. ‘हे खरे नाही’ आले तर माहिती कच्ची होती किंवा प्रश्नातली एखादी तारीख, एखादे नाव चुकले होते. ‘हे अंशतः खरे आहे’ हे सोन्यासारखे उत्तर. पुढचा मजकूर नीट उतरवून घ्या, शासनाने किती कबूल केले ते तिथेच असते. ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे दार बंद. ‘कार्यवाही सुरू आहे’ दिसले तर तारखेसह वेगळ्या पानावर लिहा आणि पुढच्या अधिवेशनात त्याच आमदाराने तोच धागा धरला का, ते पाहा. धागा सोडणारे पुष्कळ असतात.

लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचना (विधानसभेत नियम १०५), वेगळ्या काढा. इथे मंत्र्याला निवेदन करावे लागते आणि आश्वासने याच चर्चेत निघतात. त्या आश्वासनांचा पाठपुरावा विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या अहवालांत मिळतो.

कायद्याच्या श्रेयाबाबत सावध राहा. १९६९ च्या माथाडी कायद्याशी अण्णासाहेब पाटलांचे नाव जोडले जाते ते त्यामागच्या चळवळीमुळे. पण एखाद्या आमदाराने ‘हे कलम माझे’ म्हटले, तर विधेयकाच्या कलमवार चर्चेत दुरुस्ती कोणाच्या नावावर आहे आणि ती मंजूर झाली, फेटाळली की मागे घेतली, ते तपासा. मागे घेतलेल्या दुरुस्त्यांवर मोठमोठे लेख लिहिले गेले आहेत! औद्योगिक न्यायालयाशी संबंधित अधिसूचनांसाठी राजपत्राचा भाग एक-ल चाळा.

आमदारकीची वर्षे आणि कामाची फळे एका रेघेत येतीलच असे नाही. सोलापूरचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा निवडून आले. त्यांच्या पुढाकारातून सोलापूरजवळच्या कुंभारीत उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली विडी कामगारांची घरे २००६ मध्ये, म्हणजे ते आमदार असताना, दिली गेली. पण तिथल्याच रे नगरमधल्या १५,००० घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ ला झाले, तेव्हा ते सभागृहात नव्हते. फक्त कार्यवाही चाळणाऱ्याला हे दिसणारच नाही. वहीत ‘प्रत्यक्षात केव्हा’ असा रकाना ठेवा.

तो रकाना भरताना माहिती अधिकार कामी येतो. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये. ‘त्या आश्वासनाचे काय झाले’ असे विचारू नका. त्याला उत्तर देणे बंधनकारक नसते. अधिवेशन, तारीख आणि प्रश्न क्रमांक देऊन ‘यावरील टिप्पणी (फाइलवरचे शेरे) व पत्रव्यवहाराच्या प्रती’ मागा. धोरणाचा भाग असेल तर अर्ज मंत्रालयातल्या कामगार विभागाकडे, आणि अंमलबजावणीचा असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, कामगार आयुक्तांकडे. दोन्ही एकाच अर्जात घातले तर तो इकडून तिकडे फिरत राहतो.