मँडरिन इमर्शनच्या पब्लिक शाळेत सीट हवीये? आधी 'ॲडमिशन' हा शब्द डोक्यातून काढा

मुलीचा किंडरगार्टनचा फॉर्म भरून तीन वर्षं झाली, तरी ऑक्टोबर उजाडला की कुणी ना कुणी विचारतंच, अगं तुझी लेक चायनीज शाळेत आहे ना, कसं जमवलंस सांग की. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मँडरिन म्हणजे चीनची मुख्य भाषा, आणि इमर्शन म्हणजे नुसती भाषा नाही, शाळेतले विषयच त्या भाषेतून शिकवणं. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत राहतो, त्यामुळे मुख्यतः इथल्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे शहरातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, सांगतेय.

आपल्याकडे शाळा म्हटलं की इंटरव्ह्यू, ओळख, डोनेशन आणि पोराकडून घोकून घेणं हे सगळं आपोआप डोक्यात येतं. इथे यातलं काहीही चालत नाही, सरळ लॉटरी आहे. मी स्वतः शहाणपणा करून शाळा बघायच्या टूरच्या आधी आठवडाभर मुलीला मँडरिन आकडे शिकवले होते, ई, अर, सान, स्स, आणि तिनं ते प्रिन्सिपल मॅडमसमोर धाडधाड म्हणून पण दाखवले, मॅडम गोड हसल्या, 'व्हेरी गुड' म्हणाल्या आणि मागच्या फॅमिलीशी बोलायला लागल्या. संपलं. आपल्या हातात काय आहे तर फॉर्म बरोबर भरणं, एवढंच, पण तेवढ्यातही लोक काय काय घोळ घालतात!

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे 'चायनीज इमर्शन' एवढंच वाचून फॉर्ममध्ये शाळा टाकणं. इथे मँडरिनच्या एलिमेंटरी शाळा म्हणजे पोट्रेरो हिलवरची स्टार किंग, जिथे हा प्रोग्राम २००६ मध्ये सुरू झाला, आणि होजे ऑर्तेगा. ॲलिस फॉन्ग यू नावाची जी शाळा सगळे सुचवतात ती १९९५ पासूनची आहे, देशातली पहिली चायनीज इमर्शन पब्लिक शाळा म्हणून तिचं नाव आहे, पण तिथे सुरुवात कॅन्टोनीज या दुसऱ्या चिनी भाषेनं होते, मँडरिन येतं सहावीत. शाळा उत्तमच आहे, पण मँडरिनसाठी म्हणून टाकत असाल तर हे माहीत असू दे, कारण दोन्हींची लिपी चिनी असली तरी बोलताना एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आणि अजून एक, फॉर्ममध्ये एकाच शाळेचे दोन-दोन प्रोग्राम दिसतात, एक साधा इंग्रजीचा आणि एक इमर्शनचा. नुसतं शाळेचं नाव बघून टिक केलंत आणि तो साधा निघाला तर मार्चमध्ये निकाल लागल्यावर कपाळावर हात मारायची वेळ येते. माझ्या एका मैत्रिणीचं अगदी असंच झालंय.

वयाचं सोपं आहे, १ सप्टेंबरपर्यंत ५ पूर्ण पाहिजेत. २ सप्टेंबरचा वाढदिवस असेल तर त्या वर्षी किंडरगार्टन नाही, ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे त्याच्या आधीचा वर्ग, बघा.

आता कागदपत्रं. मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा आणि शहरात राहत असल्याचा पुरावा, कुठली बिलं चालतात आणि किती जुनी चालतात ती यादी डिस्ट्रिक्टच्या साइटवर असते, ती त्या वर्षीचीच बघा. आम्ही नोव्हेंबरमध्ये घर बदललं होतं आणि मी बिनधास्त विजेचं बिल अपलोड केलं, जुन्या पत्त्याचं! फॉर्मवर नवा पत्ता, बिलावर जुना. शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं, मग नवं बिल येईपर्यंत रोज पोस्टाची पेटी उघडून बघायचे. तुम्ही डिसेंबरमध्येच सगळं एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. व्हिसावाले लोक उगाच घाबरतात म्हणून सांगते, पब्लिक शाळेत प्रवेशासाठी इमिग्रेशन स्टेटस बघत नाहीत, १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेचा हक्क दिलेला आहे, आपण तर रीतसर एच वन बी नाहीतर एच फोरवर. आणि फी शून्य.

भाषेचा भाग नीट वाचा, आपल्या लोकांची गडबड इथेच होते. इमर्शनच्या वर्गात काही सीट आधीपासून मँडरिन येणाऱ्या मुलांसाठी असतात आणि बाकीच्या न येणाऱ्यांसाठी, म्हणजे दोन्ही प्रकारची मुलं एकमेकांकडून शिकतील अशी ती रचना. मँडरिन येतं असं लिहिलंत तर मुलाची तोंडी टेस्ट घेतात, घरी त्या भाषेत बोलतात का ते पाच मिनिटांत कळतं, त्यामुळे यूट्यूबवरची चार गाणी पाठ आहेत म्हणून तिथे हो लिहू नका. आमची मुलगी सरळ न येणाऱ्यांच्या गटात होती. मग 'घरी मराठी बोलतो हे लिहायचं का?' हा प्रश्न. लिहायचंच. कॅलिफोर्नियात होम लँग्वेज सर्व्हे म्हणून प्रश्न विचारतात, मूल पहिली कुठली भाषा बोललं, घरी मोठी माणसं कुठल्या भाषेत बोलतात वगैरे, आणि उत्तर मराठी आलं की शाळा सुरू झाल्यावर ३० दिवसांच्या आत इंग्रजीची एक टेस्ट होते, ईएलपॅक नावाची. त्याचा लॉटरीशी संबंध नाही. काही जण या टेस्टला घाबरून 'इंग्लिश' ठोकून देतात आणि आजी मात्र मराठीशिवाय बोलत नाही, हे मला पटत नाही, टेस्ट ही मदत लागते का बघायला असते.

टायब्रेकरमध्ये, म्हणजे सीटपेक्षा मुलं जास्त झाली की कुणाला आधी घ्यायचं त्या निकषांमध्ये, मोठं भावंड त्या शाळेत असणं हे सगळ्यात जड. घर शाळेच्या भिंतीला लागून असलं तरी इमर्शनसाठी त्याचा उपयोग नाही, हे प्रोग्राम सगळ्या शहरासाठी आहेत, तेव्हा त्यासाठी पोट्रेरो हिलवर भाड्यानं घर बघणाऱ्यांनो, थांबा.

क्रम लावताना अतिहुशारी नको. खरंच जी शाळा सगळ्यात जास्त हवी ती एक नंबरला, मग दुसरी, असं. 'तिथे गर्दी आहे म्हणून ती खाली टाकू' हे गणित इथे चालत नाही, क्रमाचा उपयोग फक्त तुम्हाला एकाहून जास्त ठिकाणी सीट मिळू शकत असेल तेव्हा होतो. शाळा कितीही टाकता येतात, आणि इमर्शनच्या खाली जवळच्या साध्या शाळाही टाकाच, नाहीतर डिस्ट्रिक्ट कुठेतरी लांब नेमून देतं. वॉशिंग्टन डीसीत मात्र कॉमन लॉटरीत १२ शाळांची मर्यादा आहे, तिथे यू यिंग नावाची मँडरिन चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा, आहे. युटात पुन्हा वेगळंच, अर्धा दिवस इंग्रजी टीचर आणि अर्धा दिवस चायनीज. तेव्हा आपल्या डिस्ट्रिक्टचं वाचा, दुसऱ्या गावच्या मावशीचं ऐकू नका.

इथे फॉर्म साधारण जानेवारीच्या शेवटापर्यंत जातात आणि मार्चच्या मध्यावर निकाल लागतो, नक्की तारीख दरवर्षी बघा. त्याआधी एक टूर तरी कराच, आणि वेबसाइटवरचे फोटो नाही, प्रत्यक्ष किंडरगार्टनचा वर्ग बघायला मागा. आम्ही गेलो तेव्हा एक छोटा मुलगा टीचरला इंग्रजीत सांगत होता की पाणी हवंय, बाईंना इंग्रजी उत्तम येत असणार, पण त्यांनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही, हातानं ग्लास पिल्यासारखं केलं आणि 'श्वे' म्हणाल्या, त्यानं 'श्वे' म्हटलं, बाटली मिळाली. माझा नवरा तिथेच म्हणाला, हिला रडू येईल. आलंच, पहिले तीन आठवडे रोज. मग एक दिवस जेवताना तिनं मलाच 'श्वे' मागितलं.

होमवर्कचा विचार फॉर्म भरायच्या आधी करा. 'मा' एकच, पण सूर बदलला की आई, घोडा, रागावणं, काहीही होऊ शकतं, आणि अक्षर काढताना आधी आडवी रेघ की उभी हेही ठरलेलं असतं. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी चुकीच्या सुरात वाचलं की मुलगी हसते, मग रेकॉर्डिंग लावतो.

नंबर नाही लागला तर वेटलिस्टवर राहा आणि मिळालेली शाळा डेडलाइनच्या आत ॲक्सेप्ट करून ठेवा, हातची सोडू नका. किंडरगार्टन किंवा पहिलीपर्यंत आत शिरता येतं, पुढे बहुतेक ठिकाणी भाषेची टेस्ट लागते. आणि ऑगस्टमध्ये फोन सायलेंटवर ठेवू नका, शाळा सुरू झाल्यावर न आलेल्या मुलांच्या सीट सुटतात, आमच्या वर्गात एक मुलगी चौथ्या दिवशी आली, नवी बॅग घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता, भावाची जुनी घेऊन आली होती.