प्रॉमिस्क्युअस मोड कुणी लावला ते शोधा, मग बंद करा

नेटवर्क कार्ड एरवी स्वतःच्या मॅक पत्त्यावरच्या (कार्डाच्या ओळख-क्रमांकावरच्या), ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांसाठीच्या) आणि नोंदवलेल्या मल्टिकास्ट गटांच्याच फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, आत घेतं. प्रॉमिस्क्युअस मोड लागला की ही गाळणी उठते आणि केबलवरून पोर्टापर्यंत आलेलं सगळं कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे जातं. निपाणीतली पतसंस्था असो की बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना, हिशेब आणि बॅकअप सांभाळणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर हा मोड विनाकारण चालू राहता कामा नये.

घोळ होतो तो तपासताना. ‘आयपी लिंक शो’ या आज्ञेच्या उत्तरात ‘प्रॉमिस्क’ दिसला नाही, म्हणजे मोड बंद, असं धरलं जातं. ते खरं नाही. तो शब्द फक्त ‘आयपी लिंक’ किंवा ‘आयएफकॉन्फिग’सारख्या आज्ञेने लावलेल्या मोडसाठी दिसतो. टीसीपीडम्प किंवा वायरशार्क हे रहदारी टिपणारे (कॅप्चर) प्रोग्राम पॅकेट सॉकेटमधून, म्हणजे कार्डावरच्या फ्रेम थेट वाचायच्या वाटेने मोड मागतात, तेव्हा तो शब्द तिथे दिसत नाही. म्हणून ‘आयपी -डी लिंक शो ईएनपी३एस०’ चालवा (कार्डाचं नाव आपलं घाला) आणि ‘प्रॉमिस्क्युइटी’पुढचा आकडा बघा. शून्य असेल तर मोड बंद. एक, दोन असेल तर तितक्या ठिकाणांहून तो मागितलेला आहे. ‘/सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०/फ्लॅग्ज’ ही फाइलही खरं सांगते: साध्या चालू कार्डाला तिथे बहुधा ०एक्स१००३ असतं, मोड लागला की ०एक्स११०३ होतं.

हाताने लावायचा तर ‘सुडो आयपी लिंक सेट डेव्ह ईएनपी३एस० प्रॉमिस्क ऑन’, काढायचा तर शेवटी ‘ऑफ’. पण कर्नल मागण्या मोजतो, त्यामुळे ‘ऑफ’ने फक्त हाताने लावलेली मागणी जाते. आकडा शून्यावर आला नाही तर ‘सुडो एसएस -० -पी’ चालवा. पॅकेट सॉकेट उघडून बसलेले प्रोग्राम नावानिशी दिसतील. यादीत डीएचसीपी क्लायंटही (मशीनला आयपी पत्ता मिळवून देणारा प्रोग्राम) असू शकतो, त्याला हात लावू नका. नकोसा कॅप्चर प्रोग्राम नीट बंद केला की त्याची मागणी आपोआप सुटते.

कार्डाच्या ओळीत ‘मास्टर बीआर०’ असं काही दिसलं तर ते ब्रिजला, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअर स्विचला जोडलेलं आहे. ब्रिजच्या पोर्टाला बहुधा हा मोड लागतोच, कारण आतल्या व्हर्च्युअल मशीनचे (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांचे) मॅक पत्ते वेगळे असतात. तो जबरदस्तीने काढायच्या मागे लागू नका. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रॉमिस्क्युअस मोडपुढे ‘डिनाय’ हाच पर्याय ठेवा. ‘अलाऊ ऑल’ फक्त चाचणीच्या मशीनला, तेही तेवढ्यापुरतं.

हाताने दिलेला ‘ऑन’ रीबूटनंतर टिकत नाही. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएस संपला आणि मशीन पुन्हा उठलं, की निगराणीसाठी मोड लावलेलं कार्ड गुपचूप नेहमीच्या वागणुकीवर येतं. मोड कायम हवाच असेल आणि नेटवर्क सांभाळायला सिस्टिमडी-नेटवर्कडी ही सेवा वापरात असेल, तर त्या कार्डाच्या ‘.नेटवर्क’ फाइलमध्ये ‘लिंक’ विभागात ‘प्रॉमिस्क्युअस=यस’ लिहा.

मोड लावूनही शेजारच्या पीसीची रहदारी दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. दोष कार्डाचा नाही. स्विच ती फ्रेम तुमच्या पोर्टावर पाठवतच नाही. त्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर पोर्ट मिररिंग, म्हणजे एका पोर्टाच्या रहदारीची प्रत दुसऱ्यावर पाठवायची सोय लावावी लागते, साध्या स्वस्त स्विचमध्ये ती सोयच नसते. वायफायवर तर बहुतेक कार्डांना या मोडचा उपयोग नाही, तिथे मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या वायफाय फ्रेम ऐकायचा वेगळा मोड) लागतो.

आपल्याच मशीनची रहदारी बघायची असेल तर मोड लावूच नका: टीसीपीडम्पला ‘-पी’ द्या, वायरशार्कच्या कॅप्चर ऑप्शन्समधली प्रॉमिस्क्युअसची खूण काढा. डेबियन-उबंटूवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर वायरशार्क-कॉमन’ चालवून साध्या युजरांना कॅप्चरची परवानगी द्यायची का, या प्रश्नाला ‘नो’ म्हणा. ‘वायरशार्क’ गटात कोण आहे तेही ‘गेटएन्ट ग्रुप वायरशार्क’ने बघून घ्या. काम सोडून गेलेल्या माणसाचं खातं तिथे राहिलं असेल तर आजच काढा.