रंग बदलत नाही तेव्हा कुठे बघायचं

फोंड्याला माझ्याकडे सी शिकायला येणारी मुलं टर्बो सी हा जुना कंपायलर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुनं डॉस आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवतात. रेघा-वर्तुळं पटकन जमतात, अडतं ते पॅलेटपाशी, म्हणजे कुठल्या नंबराला कुठला रंग हे ठरवणाऱ्या तक्त्यापाशी. कंपायलर एक शब्द बोलत नाही आणि पडद्यावर रंग तोच.

एका मुलीने ६४० बाय ४८०, १६ रंगांच्या मोडमध्ये मंगेशीची दीपमाळ काढली होती. संध्याकाळ उतरताना पांढरी दीपमाळ केशरी व्हायला हवी होती. आभाळाचा १ नंबर लगेच बदलला, दीपमाळेचा १५ मात्र ढिम्म. व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या या मोडमध्ये तुमचा नंबर थेट रंगापर्यंत पोचत नाही. मध्ये अ‍ॅट्रिब्यूट कंट्रोलरची १६ रजिस्टरं असतात आणि डॅकमधला (प्रत्यक्ष रंग साठवणाऱ्या चिपमधला) कुठला खण वापरायचा ते ती ठरवतात. ईजीए या आधीच्या कार्डाशी जुळावं म्हणून ० ते ५ आणि ७ जागच्या जागी राहतात, ६ जातो २० मध्ये आणि ८ ते १५ जातात ५६ ते ६३ मध्ये. तिने रंगवला १५वा खण, कार्ड वाचत होतं ६३वा. टर्बो सीच्या सेटपॅलेट फंक्शनने प्रत्येक नंबर आधी त्याच नंबरच्या खणाला जोडला आणि दीपमाळ केशरी झाली. हे एकदा हाताने करून बघाच, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

३२० बाय २००, २५६ रंगांच्या मोडमध्ये ही भानगड नाही, तिथे घोळ होतो किमतींचा. पोर्ट (कार्डाशी बोलायचा पत्ता, हेक्समध्ये) ३सी८ वर खणाचा नंबर, मग ३सी९ वर लाल, हिरवा, निळा याच क्रमाने तीन बाइट. प्रत्येक किंमत ० ते ६३, कारण डॅक सहाच बिट घेतो. आजच्या सवयीने ० ते २५५ पाठवलंत, तर रंग उजळत जाऊन अचानक काळा पडतो, असं चार वेळा. बीएमपी चित्राच्या फाइलीतून पॅलेट घेताना म्हणूनच प्रत्येक किमतीला ४ ने भागा. आणि तिथे निळा आधी असतो हेही विसरू नका.

मोड बदलला की बायोस (संगणकातलं मूळ सॉफ्टवेअर) मूळ पॅलेट परत भरतं. तेव्हा आधी मोड, मग रंग.

तरी उलगडा होईना, तर ३सी७ वर खणाचा नंबर देऊन ३सी९ वरून तिन्ही बाइट परत वाचा. हव्या त्या लाल, हिरव्या, निळ्या किमती परत आल्या तर डॅक ठीक आहे, १६ रंगांच्या मोडमध्ये असाल तर अ‍ॅट्रिब्यूट रजिस्टरं तपासा. वेगळं आलं तर तुमच्या किमती किंवा त्यांचा क्रम चुकला आहे.