पाचव्या चुकीच्या पासवर्डला किती घाबरायचं?

आमच्या सर्व्हरवर मी पूर्वी एकच नियम लावला होता: दहा मिनिटांत पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं बंद. झालं काय, सुट्टीवरून आलेली माणसं अडकायची आणि चोरटा चार प्रयत्न करून गुपचूप थांबायचा. चौथ्यापर्यंत साव, पाचव्याला चोर, ही रेघ माझीच.

गणितज्ञ लॉत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेले फझी (धूसर कडांचे) संच ही रेघ पुसतात. 'बऱ्याच चुका' या शब्दात एखादा आकडा किती बसतो, ते ० ते १ मध्ये सांगायचं.

आधी शब्द आखा. 'थोड्या' चुका: २ पर्यंत पूर्ण १, मग उतरत ६ ला ०. 'बऱ्याच': ३ ला ०, चढत ८ ला १. पाच चुका झाल्या तर थोड्या ०.२५ आणि बऱ्याच ०.४, दोन्ही एकदम. बेरीज १ होत नाही म्हणून गडबडू नका, ही संभाव्यता (प्रॉबॅबिलिटी) नव्हे. दुसरा शब्द 'अवेळ': त्या माणसाच्या नेहमीच्या वेळेपासून तासाभरापर्यंत ०, पाच तासांवर १. चार तास उशिरा आलेल्याला ०.७५, म्हणजे 'वेळेवर' ०.२५.

आता नियम. 'आणि' आलं की दोन्हींतला लहान आकडा घ्या.
बऱ्याच आणि अवेळ, तर धोका जास्त: ०.४.
बऱ्याच आणि वेळेवर, किंवा थोड्या आणि अवेळ, तर मध्यम: दोन्हीकडे ०.२५, मोठा घ्यायचा, तोही ०.२५.
थोड्या आणि वेळेवर, तर कमी: ०.२५.

कमी, मध्यम, जास्त यांना १०, ५०, ९० गुण देऊन भारित सरासरी काढा, म्हणजे प्रत्येक गुणाला त्याच्या आकड्याने गुणून बेरजेला आकड्यांच्या बेरजेने भागा: (२.५ + १२.५ + ३६) ÷ ०.९, साधारण ५७. फझी नियमांवरून एक आकडा काढायच्या सुगेनो पद्धतीचा हा सर्वांत सोपा प्रकार, कागदावरही जमतो.

५७ ला मी खातं बंद करत नाही, ओटीपी मागतो. ४० च्या खाली सोडून देतो, ७५ च्या वर माणूस बघतो. हो, इथे पुन्हा रेघा आल्याच, पण चुकल्या तरी कोणी दाराबाहेर राहत नाही.

खरी मेहनत उतार कुठे सुरू करायचा यात आहे. माझे २, ६, ३, ८ उचलू नका. स्वतःचे महिनाभराचे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) काढा आणि नेहमीची माणसं किती वेळा चुकतात ते मोजा. चुका आयपी पत्त्यानुसारही (प्रयत्न कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आला त्यानुसार) मोजा, कारण एकच पासवर्ड शंभर खात्यांवर एकेकदा लावणारा प्रत्येक खात्यापुरता 'थोड्या'तच मोडतो. शब्द वाढवायचा मोह मात्र आवरा: तीन गोष्टींना तीन-तीन शब्द म्हणजे २७ नियम, पाच गोष्टींना २४३.

आणि अलर्टमध्ये (धोक्याच्या सूचनेत) गुणांशेजारी कारण छापा. पहाटे फोन उचलणाऱ्याला नुसत्या ८२ वरून काही कळत नाही. 'चुका बऱ्याच ०.९, अवेळ ०.८' वाचलं की कुठला लॉग उघडायचा ते त्याला समजतं.